तोंडात धरलेला घोट

१४ नोव्हेंबर १९८१, शनिवार, सकाळी सहा वाजून दहा मिनिटे. अंगणात माणसे सहा, सामानाचे नग नऊ, आणि आत्याच्या तोंडात पाण्याचा एक घोट.

माणसे कोण आणि घोट कशाचा, हे आधी सांगितले पाहिजे. आत्याचा थोरला भाऊ, दादा, पाट्या रंगवीत असे. दुकानांच्या, दवाखान्यांच्या, एकदा तर तुरुंगाचीही. पाट्या आणि शिड्या वाहण्यासाठी त्याने एक जुनी व्हॅन घेतली होती. त्या दिवशी ती प्रथमच माणसे वाहणार होती. वहिनीच्या धाकट्या बहिणीचे लग्न दुसऱ्या दिवशी सकाळी होते, आणि ते गाव डोंगरापलीकडे, अवघड वळणांच्या घाटातून जायचे. दादा, वहिनी, वहिनीची आई आणि दादाची नऊ वर्षांची मुलगी, असे चौघे गाडीत बसणार होते. पाचवी आत्या. तिला कारखान्यात रविवारची पाळी होती, असे कारण सर्वांनी मान्य केले होते. ते सर्वांच्या सोयीचे होते, तिच्याही. सहावे शेजारचे निवृत्त मास्तर, ज्यांना कोणी बोलावले नव्हते आणि ज्यांच्याशिवाय त्या अंगणातून आजवर कोणी निघाले नव्हते.

तिला आत्या म्हणणारी खरे तर ती मुलगी एकटीच. दादा तिला चिमणे म्हणे, वहिनी वन्सं म्हणे, आणि वहिनीची आई, आत्या ऐकू येण्याच्या अंतरात नसली म्हणजे, काळी जीभ म्हणे. आत्याला किती अंतरावरचे ऐकू येते याची त्या बाईंना कल्पना नव्हती.

जिभेच्या डाव्या कडेला तिळाएवढा काळा डाग तिला जन्मापासून होता. असा डाग असणाऱ्याचे वाईट बोलणे खरे होते, असे मानणारी माणसे त्या गल्लीत पुष्कळ होती, आणि त्यांनी पुरावेही जमवले होते. सहा वर्षांची असताना ती मास्तरांच्या बायकोला म्हणाली होती, "काकू, तुमची दोरी तुटणार." दुपारी दोरी तुटली आणि धुतलेल्या चादरी चिखलात लोळल्या. शाळेत हेडमास्तरांच्या खुर्चीकडे बोट दाखवून ती "ही मोडणार" म्हणाली. खुर्ची मोडली, हेडमास्तर जमिनीवर बसले आणि शाळेला अर्धा दिवस सुटी मिळाली. पुढे तिला पाहायला आलेल्या एका मुलाला तिने, केवळ संभाषणाला सुरुवात व्हावी म्हणून, "तुमचं घड्याळ बंद पडायला आलंय" असे सांगितले. घड्याळ चहा येईपर्यंत बंद पडले. संभाषणही. मास्तर म्हणत, "लोकांच्या तोंडात तीळ भिजत नाही. हिच्या तोंडात तो जन्मभर भिजत पडलाय, तरी नाव हिचंच खराब."

दोरीचा एक पदर विरलेला तिने पाहिला होता. खुर्चीचा मागचा पाय सांध्यात हलत होता. घड्याळाची टिकटिक लंगडत होती. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ, असे आपण म्हणतो. पण फांदी आधीच पोखरलेली होती हे कावळ्याने सांगायचे कोणाला?

पुढे ती तंत्रनिकेतनात गेली. मोडणाऱ्या प्रत्येक गोष्टीला कारण असते, आणि ते मोडण्याच्या बरेच आधी तिथे येऊन बसलेले असते, हे तिथे तिला रीतसर शिकवण्यात आले. वसतिगृहाच्या खोलीत बसून तिने आपल्या नावावर जमा झालेली एकेक घटना आठवली आणि प्रत्येकीला कारण लावले. सगळ्या घटना निकाली निघाल्या. एक उरली.

त्या वेळी ती अकरा वर्षांची होती. बाबा छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवण्याचे काम करीत. मोठे यंत्र चालताना दाखवायला नेतो, असे ते तिला म्हणाले होते आणि आज नाही उद्या करीत त्यांनी ते तीनदा पुढे ढकलले होते. चौथ्या वेळी ती उंबऱ्यात आडवी उभी राहिली आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "मग येऊच नका परत." बाबा हसले, "बरं बाईसाहेब," म्हणाले, आणि तिच्या हाताखालून वाकून निघून गेले. दुपारी अडीचच्या सुमारास, खिळ्यांच्या खणांसमोर स्टुलावर बसलेले असताना त्यांनी मान खाली घातली. खाली पडलेला एखादा खिळा शोधत असतील, असे शेजारच्या माणसाला बराच वेळ वाटत राहिले.

घरी तिला कोणी काही बोलले नाही. दहा-बारा दिवसांनी मामा परत जायला निघाला तेव्हा आईने एका लहान पेल्यात पाणी ओतले आणि तिच्या हातात दिले. "घे. घोट तोंडात धर. गिळायचा नाही. मामा कोपऱ्यावरून वळला की जास्वंदीच्या बुंध्याशी टाक." तिने कारण विचारले नाही. कारण तिला माहीत होते, निदान तिची तशी समजूत होती: तोंड भरलेले असले म्हणजे त्यातून भलते काही निसटायचे नाही.

तेव्हापासून त्या दारातून कोणीही प्रवासाला निघाले की आत्याच्या तोंडात पाण्याचा घोट असे. आई गेली, वहिनी आली. पेला आईच्या हातातून वहिनीच्या हातात आला आणि घोट चालू राहिला. मुलगी रांगत होती तेव्हा तीही दारात येऊन गाल फुगवी, तेवढाच निरोप तिला माहीत होता. पहाटेचा गारवा, शेगडीवर चढलेल्या चहाचा वास, भिंतीला टेकून ठेवलेल्या दादाच्या अर्ध्या रंगवलेल्या पाट्या, आणि जिभेवर त्या पेल्याची किंचित धातूची चव. माणसे निघतात म्हणजे काय, हे आत्याला त्या चवीवरून कळे. खोटे कशाला सांगा, त्या घोटाची तिला सवय झाली होती. ज्याला काही बोलायचेच नसते त्याचे काही चुकतही नाही.

कारखान्यात मात्र सगळे उलटे होते. कागदाच्या त्या कारखान्यात शेकडो रूळ रात्रंदिवस फिरत, आणि प्रत्येक रुळाच्या दोन्ही टोकांना बेअरिंग. आत्याजवळ हातभर लांबीची एक पोलादी सळई होती, एका टोकाला लाकडी मूठ असलेली. सळईचे टोक यंत्राला लावायचे, मूठ कानामागच्या हाडाला टेकवायची, डोळे मिटायचे आणि आतले ऐकायचे. धडधाकट बेअरिंग एकसारखे गुणगुणते. आजारी असेल तर त्यात वाळूचा कण सापडतो. तिथे तिला डॉक्टरीणबाई म्हणत.

"बाई, बोला आता," फोरमन म्हणे. "तुम्ही बोलल्याशिवाय माझ्या घशाखाली चहा उतरत नाही."

"चौदा नंबर. महिना काढेल."

"आणि पंधरा?"

"पंधरा तुमच्याहून जास्त जगेल."

"तुमच्या तोंडात साखर पडो," असे म्हणून फोरमन चौदा नंबरची तयारी करायला घेई. त्याच जिभेवरचा तोच डाग. सकाळी दाराशी तिला तोंड मिटायला लागे आणि तासाभराने तिथे तिने तोंड उघडावे म्हणून माणसे ताटकळत.

तर, त्या शनिवारी सामान चढवून झाले.

व्हॅनची बॅटरी म्हातारी होती. म्हणून दादा गाडी नेहमी गल्लीच्या वरच्या टोकाला लावी. उतारावर सोडून द्यायची, वेग आला की क्लच सोडायचा, मग इंजिन खोकत सुरू होई. शिवाय उतारावर पेट्रोल जाळणे त्याला रंग सांडण्यासारखे वाटे.

"पाटीवर दिशा नीट काढतोस," मास्तर खिडकीत वाकून म्हणाले, "रस्त्यावरही तशीच काढ म्हणजे झालं."

"निघताना शुभ बोलावं, मास्तर," वहिनीची आई आतून म्हणाली. "वास्तू तथास्तु म्हणत असते."

"मी दिशाच म्हणालो. दशा नाही म्हणालो."

"आत्या, येते गं," मुलगी म्हणाली. त्या घरातून निघणारा कोणी कधी 'जाते' म्हणत नसे. आत्याने फुगल्या गालांनी मान हलवली. दादाने ब्रेक सोडला आणि गाडी, इंजिन बंद, नुसत्या आपल्या वजनाने उताराला लागली.

म्हणूनच तिला ते ऐकू आले. इंजिन चालू असते तर त्याच्या खोकल्याखाली सगळे झाकले गेले असते. गाडी जवळून गेली आणि डाव्या पुढच्या चाकातून दळण दळल्यासारखी घरघर ऐकू आली. नळाच्या कोपऱ्यावर गल्ली उजवीकडे किंचित वळते. तिथे गाडीचा भार डाव्या चाकावर गेला आणि घरघर जड झाली. वाळूचा कण नव्हता हा. आत काहीतरी सुटून फिरत होते.

तिने हात वर केला. दादाला तो निरोपाचा वाटला; त्यानेही खिडकीतून हात काढून हलवला. तिने पाय आपटले. मागच्या काचेतून मुलीने आनंदाने टाळ्या वाजवल्या. खाली दादाने क्लच सोडला, इंजिनाला एक उबळ आली आणि ते गप्प झाले. गाडी उताराच्या शेवटाला उभी राहिली. आत्या तोंडातल्या पाण्यासह धावत सुटली, आणि अडतीस वर्षांची बाई गाल फुगवून गल्लीतून धावताना कशी दिसते हे मास्तरांनी त्या दिवशी पाहिले. पुढे पुष्कळ वर्षे ते त्याची नक्कल करीत.

"काय चिमणे? काही राहिलं?"

तिने नकारार्थी मान हलवली आणि चाकाकडे बोट दाखवले.

"पंक्चर?"

नाही. तिने हवेत बोट गरगरा फिरवले.

"वळसा घालून जाऊ म्हणतेस?"

"भोवरा," मुलगी म्हणाली. "आत्या, भोवरा ना?"

"अहो, उशीर होतोय," वहिनीची आई म्हणाली. "त्यांना म्हणावं घरी जाऊन पाणी टाका. भर रस्त्यात कसला खेळ."

लिहून दाखवावे तर दादाचे खडू आणि ब्रश सामानाला जागा व्हावी म्हणून घरी काढून ठेवलेले. आणि लिहिणे म्हणजे तरी काय, बोलणेच ना. पाणी तोंडात कोमट झाले होते. तिच्यासमोर खिडकीत भावाचा चेहरा होता, पलीकडे वहिनीचा, मागे मुलीचा. आणि त्या तिघांच्या आड बाबा, तिच्या हाताखालून वाकून जाणारे. आपण म्हटले आणि ही माणसे हट्टाने निघाली, आणि घाटात ते चाक खरेच निखळले, तर? आतून एक जुना, अडाणी आवाज तिला सांगत होता की मग ते तिच्यामुळेच होईल. तंत्रनिकेतनातल्या सगळ्या वर्षांना त्या आवाजाचे तोंड बंद करता आले नव्हते. पण ती न बोलता मोडलेल्याही किती गोष्टी असतील. त्यांचा हिशोब कोणी ठेवतो का? कारखान्यात चौदा नंबर तिने सांगितले म्हणून जात नव्हते. जात होते म्हणून ती सांगत होती.

तिने घोट गिळला. गिळायचा नाही, हे आईने सांगितल्यापासून प्रथमच.

"दादा, डावं पुढचं चाक. बेअरिंग जाणार आहे. ही गाडी घाटात नेऊ नकोस."



"झालं," वहिनीची आई म्हणाली. "निघालं तोंडातून."

"मागच्याच महिन्यात गॅरेजला दाखवलीय मी," दादा म्हणाला. "थोडा आवाज असतोच जुन्या गाडीला. काही होत नाही. बसा सगळे."

आणि मग गंमत झाली. जो तिच्यावर जीव टाकत होता त्याचा तिच्या बोलण्यावर विश्वास बसेना; आणि जिने तिला काळी जीभ हे नाव दिले होते ती, बोचके काखेत मारून, तोवर गाडीतून उतरलीसुद्धा होती.

"मी आता या गाडीत पाय ठेवणार नाही. ते जाणारच. तिनं म्हटलंय."

"अहो आई, पण—"

"जावईबापू, तुम्हाला जायचं तर जा. माझ्या लेकीला आणि नातीला मी बसू देणार नाही."

वहिनीही उतरली. तिने आत्याकडे पाहिले. "वन्सं, माझ्या बहिणीचं लग्न आहे हो," ती हळू आवाजात म्हणाली. "आजचा एक दिवस तरी." तिच्या डोळ्यांत राग नव्हता, भीती होती. राग आत्याला सोपा गेला असता.

सगळे एस.टी.ने गेले. सामान स्थानकापर्यंत न्यायला मास्तरांनी मदत केली, आणि वाटेत सगळ्यांना हसवायचा प्रयत्न केला, तो जमला नाही. व्हॅन उताराच्या पायथ्याशी तशीच उभी राहिली. आत्या कारखान्यात जाताना आणि येताना तिच्याजवळून जाई, पण तिने तिला बोटही लावले नाही. हात दाखवून अवलक्षण कशाला? रात्री घरात एकटी असताना तिने पेला घासून फळीवर पालथा ठेवला. ते परत येतील तेव्हा आपले या घरातले स्थान काय असेल, हा एकच प्रश्न तिच्यापुढे होता, आणि त्याचे उत्तर एका चाकाच्या आत होते. बेअरिंग धड निघाले तर तिने वहिनीच्या बहिणीच्या लग्नाला निघताना उगाच अभद्र बोलून दाखवले होते. मोडके निघाले तर ती काळ्या जिभेची होती.

मंगळवारी मंडळी परतली. लग्न नीट पार पडले होते. दुपारी मिस्त्रीने गल्लीतच जॅक लावून चाक उतरवले. गोळ्यांना जागेवर धरणारी पितळी कडी तुकडे होऊन बाहेर आली. गोळ्यांवर खड्डे पडले होते, एक तर दुभंगलीच होती. मिस्त्रीने ते सगळे वर्तमानपत्राच्या तुकड्यावर मांडले आणि सगळी गल्ली एखादा नवजात जीव पाहावा तशी वाकून पाहू लागली.

"किती टिकलं असतं?" आत्याने विचारले.

"काय सांगणार, बाई? घाटाच्या पायथ्याशीच गेलं असतं. नाहीतर लग्नाला जाऊन परतही आलं असतं. आतली गोष्ट आहे, आपण देव थोडेच."

"बघा," वहिनीची आई विजयी मुद्रेने म्हणाली. "शनिवारी गाडी चांगली होती. जावईबापू स्वतः म्हणाले. हिनं म्हटलं, जाणार. तीन दिवस गाडी जागेवरून हलली नाही, कुणी हात लावला नाही, तरी आतल्या आत तुकडे. आणखी काय पुरावा पाहिजे?"

"बाईंचा तर्क बिनतोड आहे," मास्तर म्हणाले. "फक्त उलटा धरलाय."

आत्याला हसू आले. ते थांबवता थांबेना. हसता हसता डोळ्यांत पाणी कधी आले हे तिचे तिलाच कळले नाही, आणि ती घरात निघून गेली.

संध्याकाळी दादा अंगणातल्या पायरीवर तिच्याशेजारी येऊन बसला. हाताचा रंग रॉकेलने पुसता पुसता त्याने विचारले.

"चिमणे, तो घोट कशासाठी होता, ठाऊक आहे ना तुला?"

"माझ्या तोंडून काही निसटू नये म्हणून."

"नाही गं." त्याने फडके खाली ठेवले. "बाबा गेले तेव्हा गल्लीतल्या बायका म्हणायला लागल्या होत्या, पोरीनं बापाला खाल्लं. आई मला म्हणाली, यापुढे कुणाचं काही बरंवाईट झालं तर हिचं नाव येता कामा नये. तोंडात पाणी असलं की चार लोकांना दिसेल, पोर काही बोलली नाही. पाणी तुझ्यासाठी होतं. जाणाऱ्यासाठी नव्हतं."

आत्या जास्वंदीकडे पाहत राहिली. इतकी वर्षे तिथे पाणी पडून तो बुंधा मनगटाएवढा झाला होता.

"मला कधी सांगितलं नाहीस."

"मला वाटलं तुला माहीत असेल. तुला सगळं ऐकू येतं."

थोड्या वेळाने तो पुन्हा बोलला, पण तिच्याकडे न पाहता. "त्या आठवड्यात बाबा जिना चढताना मध्येच थांबायचे. कठड्याला धरून. मी दोन-तीनदा पाहिलं. दमले असतील म्हटलं. कुणाला बोललो नाही."

उरलेल्या घटनेला अखेर कारण मिळाले. समाधान मिळाले असे म्हणता येणार नाही. फार तर इतके, की इतकी वर्षे जे एकीने उचलले होते त्याच्या दुसऱ्या टोकाला आणखी एक हात होता, हे कळले.

यानंतर घरातले कोणी प्रवासाला निघाले ते थेट दोन महिन्यांनी. दादा आणि वहिनी शेजारच्या गावी एक मोठी पाटी पोचवायला जाणार होते. वहिनीने सवयीने पेला भरून आणला, आत्यासमोर धरला, मग काय मनात आले कोण जाणे, स्वतःच तोंडाला लावून रिकामा केला.

"वन्सं, तुमची ती कारखान्यातली काठी आणा. आधी गाडी ऐका, मग बोला."

"तुझ्या आईला चालेल?"

"आईच म्हणाली," वहिनी जरा लाजून म्हणाली. "म्हणाली, तिच्या तोंडचं वाईट खरं होतं तर चांगलंही व्हायला हवं. तेवढं काढून घे म्हणाली तिच्याकडून."

आत्याने सळई आणली, दादाला गाडी ढकलायला लावली, चारही चाके ऐकली आणि म्हणाली, "चाकं ठीक आहेत. माणसांचं मी सांगत नाही."

"चाकं ठीक तर चाकं ठीक," वहिनी म्हणाली. "निघा हो."

तीच रीत पडली. व्हॅन गेली, दुसरी आली, मग मोटारी आल्या. गल्लीतले लोकही प्रवासाला निघताना गाडी जरा या दाराशी थांबवू लागले. वहिनीची आई म्हातारपणी कायमची येऊन राहिली, तेव्हा अंथरुणातून हाक मारून विचारी, "बोलली का ती?" बोलली असे कळले की कूस बदले. आत्या प्रत्येक वेळी चाकांचे सांगे. माणसांविषयी दारात उभे राहून तिने कधी एक शब्दही काढला नाही. तेवढी मूठ तिने झाकलेलीच ठेवली.

अडतीस वर्षांनंतरची एक सकाळ. दादा जाऊन बरीच वर्षे झाली होती. घरात आत्या आणि वहिनी, दोन म्हाताऱ्या, एकमेकींच्या औषधांवर आणि पंख्याच्या वेगावर भांडत राहत. जुना पेला खिडकीत असे. त्यातून वहिनी सकाळची गोळी घेई. दादाची मुलगी नवऱ्याला आणि मुलाला घेऊन आली होती आणि दिवसभरासाठी तिघे घाटापलीकडे जाऊन येणार होते.

"आत्या, ऐक ना," गाडीला टेकून ती म्हणाली.

आत्या सळई घेऊन पुढे झाली, पण वाकली नाही. गेली चार वर्षे तिला कुकरची शिट्टी ऐकू येत नव्हती. सळईतून कानामागे केवळ एक गार शांतता येई, आणि त्या शांततेवर ती 'ठीक आहे' म्हणत आली होती. जन्मात तिने इतके खोटे दुसरे काही सांगितले नव्हते.

"मला आता ऐकू येत नाही," ती म्हणाली. "चार वर्षं झाली. मी नुसतं म्हणते. तू गॅरेजला दाखवून घे."

मुलगी हसली. मागच्या काचेतून टाळ्या वाजवणारी नऊ वर्षांची पोर क्षणभर त्या हसण्यात दिसली. "माहीत आहे आत्या. परवाच दाखवून आणलीय. दर वेळी आधी दाखवूनच आणते."

"मग मला का वाकवतेस?"

"तू काहीतरी बोलावंस म्हणून."

"हे तर तुझ्या आजीसारखं झालं. शिकलीसवरलेली तू."

"असेन. बोल."

"वन्सं, बोला की," खिडकीतून वहिनी म्हणाली. "पोरं खोळंबलीत."

आत्याने सळई भिंतीला टेकवली. समोर उंबरा होता, तोच, मधोमध झिजलेला. आयुष्यभर तिने तोंडात आधी पाणी धरले होते आणि मग चाके. त्यांच्या मागे जे एक वाक्य अकराव्या वर्षापासून अडकून होते त्यातला 'परत' हा शब्द तिने या दारात पुन्हा कधी उच्चारला नव्हता. शब्दाने काही होत नाही, हे ती जाणत होती. तिचा आवाज तरीही कापला.

"परत या," ती म्हणाली.

"येतो," तिघेही म्हणाले.

संध्याकाळी सात वाजून वीस मिनिटांनी गाडी गल्लीत वळली. गेलेली माणसे तीन, आलेली तीन.